उत्तराची तार

"आधी पाठ दाखवा," ताई म्हणायच्या. कुणाच्याही घरी गेल्यावर हे त्यांचं पहिलं वाक्य. घरमालक बिचारा चकाचक प्रोजेक्टर, काळा ॲम्प्लिफायर, छतात दडवलेला पडदा कौतुकाने दाखवायला पुढे व्हायचा, आणि या पदर खोचून थेट कपाटामागे शिरायच्या. नवख्या माणसाला ते उद्धट वाटायचं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

माझं गारखेड्यात होम थिएटर बसवून देण्याचं दुकान होतं. शहर चहूकडे वाढत होतं आणि पाणी आटत चाललं होतं. दारात टँकर आणि आत बारा खुर्च्यांचं थिएटर, अशी आमची गिऱ्हाइकं. हसू नका, त्यांच्यावरच माझी चूल पेटत होती. ताई एका कारखान्यात यंत्रांच्या वायरिंगचं काम करायच्या. पाण्याअभावी तिथल्या पाळ्या कमी झाल्या, त्यात त्यांचं काम गेलं आणि त्या माझ्याकडे आल्या. मूळच्या फर्दापूरकडच्या, आयटीआय केलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या. होम थिएटरचं काम येतं का, असं मी विचारलं.

"थेटर नाय येत. तार येती," त्या म्हणाल्या.

आणि खरंच येत होती. जुन्या साड्यांच्या काठांच्या चिंध्या त्या पिशवीत ठेवायच्या आणि प्रत्येक वायरीला एकेक बांधायच्या. हिरवा काठ प्रोजेक्टरचा, मोतिया ॲम्प्लिफायरचा. गिऱ्हाइकाच्या लाखाच्या सामानामागे असा सगळा लुगड्यांचा संसार लोंबत असायचा. कुणी पाणी विचारलं तर "अर्धाच गिलास" म्हणायच्या. टँकर आल्याची आरोळी झाली की हातातला स्क्रू ड्रायव्हर टाकून त्या घरातल्या बायकांबरोबर पाइप धरायला धावायच्या. एकदा तर गिऱ्हाइकापेक्षा आधी पोचल्या होत्या.

पडेगावच्या एका बंगल्यातली गोष्ट सांगतो. तिथले आजोबा एके काळी एसटीचे ड्रायव्हर. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला होता. बोलता यायचं, पण शब्द ओठांवर यायला वेळ लागायचा. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. तीन-तीन रिमोट आजोबांना झेपत नव्हते. एका बटणावर सगळं चालू व्हावं आणि दुपारी कुणाची वाट न बघता आपला आपण पिक्चर लावता यावा, एवढीच त्यांची इच्छा. तीही मला मुलानेच सांगितली.

बटण दाबलं की यंत्रांना हुकूम सोडणारा एक छोटा डबा आम्ही आणला. त्याला हुकमाची तार जोडायचं तोंड, म्हणजे सिरियल पोर्ट, एकच आणि ऐकणारी यंत्रं तीन: प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर आणि पडदा. ताईंनी त्या एका पोर्टाला तीन फाटे काढले. डबा काहीही बोलला तरी तिघांना ऐकू जाणार, ज्याचं काम असेल त्याने ते करायचं, असा हिशोब. बटण दाबलं. पडदा खाली आला, प्रोजेक्टर उजळला आणि लगेच विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दोन दिवस आम्ही झटलो. शेवटी मुलगा म्हणाला, उद्या नाही जमलं तर सगळं घेऊन जा, बाबांना मी लावून देत जाईन. आजोबा बटणाची डबी मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांनी परत दिली नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, मुलगा-सून घरीच होते. ताई कपाटामागून आजोबांशी बोलत बोलत काम करत होत्या. बटण कुठे बसवू, असं त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, भिंतीला बसवा. पहिला पिक्चर कोणता लावणार? मुलगा म्हणाला, त्यांना कोणताही चालतो. चहात साखर घेता का? मुलगा म्हणाला, नाही घेत. दर वेळी आजोबांचे ओठ हलायचे आणि मिटायचे. मुलगा वाईट नव्हता हो. बापाला त्रास नको म्हणून घाई करायचा.

ताईंचे हात एकदम थांबले. मग त्या बाहेर आल्या आणि मुलाकडे बघून चक्क हसायला लागल्या.

"भाऊ, हा ॲम्प्लिफायर लई तुमच्यावर गेलाय."

डबा प्रोजेक्टरला म्हणायचा, चालू हो. प्रोजेक्टर सावकाश जागा होणारा, त्याचं उत्तर यायला वेळ लागायचा. तोच हुकूम ॲम्प्लिफायरच्याही कानावर पडायचा आणि तो फटकन सांगून मोकळा व्हायचा की मला समजलं नाही. डब्याला वाटायचं, प्रोजेक्टरच बोलला. तो पुन्हा हुकूम सोडायचा. त्या प्रोजेक्टरला चालू आणि बंद दोन्हींचा हुकूम एकच, त्यामुळे दुसऱ्या हुकमाला तो विझायचा.

ताईंनी ॲम्प्लिफायरची उत्तर देणारी तेवढी तार कापली. "ह्याला ऐकू दिऊ. बोलायचं काम नाय त्याचं." त्या बोलल्या यंत्राबद्दल, पण मुलाचे कान लाल झाले. मग त्या आजोबांसमोर उकिडव्या बसल्या.

"बाबा, बटन कुठं लावू?"

आम्ही सगळे थांबलो. मी स्वतः दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्याच्या उत्तरासाठी गप्प राहणं इतकं जड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"इथं," आजोबा म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या डाव्या हातावर बोट टेकवलं. भिंत त्यांच्या उजव्या अंगाला होती. तिथे बटण बसवलं असतं तर त्यांचा हात कधीच पोचला नसता.

बटण तिथे बसलं. आजोबांनी दाबलं, प्रोजेक्टर उजळला आणि उजळलेलाच राहिला. त्यांनी तो बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. असं किती वेळा केलं कोण जाणे. ताई दर वेळी टाळ्या वाजवत होत्या, सून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि मला तर नाचावंसं वाटत होतं.

पुढे वायरीच नको असलेली यंत्रं आली आणि ताई मुलीकडे नाशिकला गेल्या. दुकानात अजून कुणी कपाटामागे शिरलं की मला त्यांची फार आठवण येते.

परवा पडेगावहून त्या मुलाचा फोन आला. ताईंचा नंबर हवा होता. डबा बिघडला का, मी विचारलं. तो म्हणाला, नाही, बाबांना ताईंशी बोलायचंय, तुम्ही बाबांनाच विचारा. आणि त्याने फोन स्पीकरवर टाकून आजोबांसमोर ठेवला. ताई आता नाशिकला असतात, तिथला नंबर देतो, असं मी सांगितलं. त्यांचा उजवा हात गेलेला, तेव्हा लिहून घ्यायला मुलाला द्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. पलीकडे कप-बशा वाजत होत्या, माणसं होती, पण कुणी मध्ये पडलं नाही.

"सांगा," आजोबा म्हणाले. "एकेक आकडा. मी लिहितो."