राधाबाई मास्तरणींचे दप्तर

अंगठा घेण्यापूर्वी राधाबाई मास्तरीण लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत. "ऐक वं माय, हेच बोलली ना तू? एखादा शबुद माहा घुसला असंन तं सांग." समोरच्या बाईने मान हलवली की मगच शाईची डबी उघडे.

अकोल्याच्या फुलमाळ्याच्या घरी जन्मलेल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या या बाईंनी वऱ्हाडातील स्त्रियांची गाऱ्हाणी महिला परिषदेसाठी लिहून घेतली होती. कायदा बदलावा म्हणून ती सरकारपुढे ठेवायची होती. माझा पोथ्यांचा अभ्यास. तेव्हा पानांना अंक घालून ती रुमालात बांधण्याचे काम त्यांनी मजकडे सोपविले. "शास्त्रीबुवा, देवायच्या पोथ्यायवानीच बांधा बरं. बायायच्या हायेत म्हून गाठ ढिली नोका ठेवू!" असे म्हणून त्या हसत.

अमरावतीचे एक वकील ही गाऱ्हाणी छापणार होते. ते दप्तर न्यायला आले, त्याच दिवशी बाळापूरची काशी धापा टाकीत दारात उभी राहिली. नवऱ्याने तापल्या पळीने डागल्याची हकीकत तिने पूर्वी बाईंकडून लिहवून घेतली होती.

"मास्तरीणबाई, माहा कागद वापस द्या. पोरीची सोयरीक हिवरखेडले जुळून राहिली. व्याह्यायच्या कानावर गेलं तं मोडंन."

वकील म्हणाले, "अहो, हाच तर सर्वांत प्रभावी कागद! नाव गाळून छापू."

"नाव गाळलं तरी बाळापुरात तिले कोन वळखत नाई?"

"पण याने सरकारला पाझर फुटेल, बाई."

"फुटंन. अन् तिची पोर घरी बसंन. तिनं सांगतलं म्हून आपुन लिवलं, वकीलसाहेब. आता ती नाई म्हनते."

बांधलेल्या दप्तरातून पान काढणे मला पातकासमान वाटत होते. पण बाईंनी गाठ सोडलीसुद्धा. सवयीने त्यांनी विचारले, "वाचून दाखवू वं?"

"नोका वाचू," काशी म्हणाली. "मले पाठ हाय."

ती सोयरीक ईश्वरकृपेने पार पडली. पुस्तक मात्र निघाले नाही.

बाई निवर्तल्यावर ते दप्तर अमरावतीच्या एका ग्रंथालयाने मागून घेतले. पाठवण्यापूर्वी पाने लावताना अंकांमध्ये एक जागा रिकामी आढळली. पोथीतील पान गहाळ असले की तेथे 'त्रुटित' असे लिहिण्याचा आमचा प्रघात. त्या जागी कोरे पान ठेवून मी लेखणी टेकवली आणि थांबलो. येथे काहीच गहाळ झालेले नव्हते.

मी लिहिले, "जिचे होते, तिला परत दिले."