डोळ्याला न दिसणारं प्रोटीन

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसं एका खोलीत रोज चहा प्यायला लागली की ते आपोआप साठतात. आमच्या बऱ्हाणपूरच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये नेमकी चारच माणसं: मॅडम, त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी उज्ज्वला, स्टोअर सांभाळणारे मुरलीकाका आणि मी, टेक्निशियन. उज्ज्वलाच्या पीएचडीची मुदत संपत आली होती, त्यामुळे त्या वर्षी आम्ही सगळेच टेन्शनमध्ये होतो. आणि टेन्शनमध्ये किस्से जास्तच होतात!

*

एकदा उज्ज्वलाचे बाबा दापोऱ्याहून केळीचा घड घेऊन आले.

"बेटा, तू इथं करतेस काय, ते तं सांग."

तिने समजावलं. पेशीच्या अंगावर बाहेरून प्रोटीनं असतात. रोगजंतू त्यातलंच एखादं धरून आत शिरतो. आम्ही तेवढंच प्रोटीन, दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेलं, मागवतो आणि तपासतो.

बाबांनी जरा विचार केला. "म्हंजे दरवाजा नाही पाह्यजे, नुसती कडी पाह्यजे!"

मॅडम म्हणाल्या, "उज्ज्वला, थीसिसचं पहिलं वाक्य हेच टाक."

*

दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो. सेंट्रिफ्यूजला झेंडू, मायक्रोस्कोपला कुंकू. त्या वर्षी काकांनी फ्रीझरला लायटिंगची माळ घातली. काय झगमगत होता! माळेचा प्लग कुठे लावला, हे मात्र कोणी विचारलं नाही. फ्रीझरचा काढून!

मॅडमच्या वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. "काका, पूजा करा, पण ज्याची करताय त्याला जिवंत तरी ठेवा!"

*

मे महिन्यात लाइट गेली. इन्क्युबेटरमध्ये पेशी, त्यांना सदतीस डिग्री हवी. मी डोक्याला हात लावून बसले.

काका म्हणाले, "अंगणात ठेव ना. पन सावलीत हां, उन्हात तं शिजून जातील!"

*

पण उज्ज्वलाच्या प्रोटीनचा किस्सा या सगळ्यांच्या वर.

पार्सल आलं. काकांनी कुपी उजेडात धरली, हलवली आणि कुरिअरवाल्यावर तुटून पडले. "शीशी तो खाली है! अडानी समजला काय आमाले?"

"काका, ते वाळवलेलं असतं," उज्ज्वला म्हणाली. "इतकं कमी, की डोळ्याला दिसतच नाही."

"दिसत नाही, अन् घ्या म्हंते कंपनी!" काका प्रयोग संपेपर्यंत लॅबमध्ये ठाण मांडून बसले.

प्रोटीन चांगलं असेल तर प्लेटच्या खळग्यांत रंग येणार होता. उज्ज्वलाने शेवटचं द्रावण टाकलं. पिवळा! एकामागून एक खळगे पिवळे झाले. ती रडायलाच लागली. मॅडमनी इतवारा बाजारातून मावा-जिलबी मागवली.

जिलबी खाताना तिचा चेहरा पुन्हा उतरला. हाच निकाल आणखी एकदा आल्याशिवाय थीसिस पुढे जाणार नव्हती, आणि कुपी तर संपली होती. दुसरी येईपर्यंत मुदत उलटली असती. मला फार वाईट वाटलं.

काकांनी हातातली जिलबी खाली ठेवली. उठून स्टोअरमधल्या फ्रिजकडे गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत कुप्याच कुप्या. सगळ्या सीलबंद, त्याच नावाच्या. मॅडमच्या आधीच्या, रिटायर झालेल्या सरांच्या वेळी आलेल्या, कंपनीला परत करायच्या म्हणून बाजूला ठेवलेल्या.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "मंग ह्या बी रिकाम्या नसतील का?"