कोळशाच्या क्रेनमधला विश्वकर्मा

शंकरदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खिदिरपूरला, बंदराच्या कचेरीत साहेबांशी भांडत होतो. भांडण शंकरदांचंच होतं... फोन खिशात टाकला आणि आवाज आणखी चढवला. दुसरं काही सुचलंच नाही.

जहाजांत कोळसा भरणारी क्रेन त्यांनी उभी हयात चालवली. आम्ही दोघेही कोलकात्यातले मराठी, पण इथल्या रीतीने मी त्यांना 'दा' म्हणायचो. कोळशाचं काम बंद पडलं, क्रेन गंजली, लिलावात निघाली. मी भंगाराचा व्यापारी, शून्यातून उभा राहिलेला. ते माझ्या बेहाला भागातल्या गोदामात येऊन बसले.

"ती क्रेन तू घे."

"कापायला?"

"न कापायला."

"भंगारवाल्याला सांगताय हे?"

"मग तुझ्याइतका भांडखोर माणूस कुठून आणू?"

घेतली. अट होती, तोडून जागा मोकळी करायची. मी अर्ज केला, जागेवरच राहू द्या. साहेब म्हणाले, वारसा म्हणजे इमारती. ही तर यंत्रसामग्री. बंदरातल्या घड्याळाच्या मनोऱ्याला नवा रंग, आणि ज्या कोळशावर हे बंदर पोसलं त्याची शेवटची खूण भट्टीत! आजही डोकं फिरतं. मी तोडेना, तेव्हा कचेरीने स्वतःचा ठेकेदार पाठवला.

नेमकी विश्वकर्मा पूजा आली; इथे त्या दिवशी यंत्रांपाशी मूर्ती बसवतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन करतात. शंकरदांनी क्रेनच्या केबिनमध्ये, चालकाच्या खुर्चीवर मूर्ती बसवली आणि ठेकेदाराच्या माणसांनाच प्रसाद वाटला. दुसऱ्या दिवशी तीच माणसं गॅस कटर घेऊन हजर. पण आत देव असताना कटर पेटवायला कुणी धजेना.

"दादू, विसर्जन?" ठेकेदाराच्या मुकादमाने विचारलं. दादू म्हणजे बंगालीत आजोबा.

"आमच्या मराठी लोकांत देव दहा दिवस बसतो," शंकरदा म्हणाले.

दहा झाले, तेव्हा म्हणाले, "नवसाचा आहे. एकवीस."

"तुमचा देव भाडेकरू झाला की हो दादू!" मुकादम हसत परत गेला.

पुढची सबब सांगण्याआधीच शंकरदा गेले. मला त्यांचा राग येतो. अर्ज लोंबकळत ठेवून, भांडण माझ्या गळ्यात मारून खुशाल निघून गेले.

परवा मुकादम क्रेनखाली भेटला. "दादू तर गेले. आता विसर्जन कोण करणार?"

मी वर पाहिलं. फुटक्या काचेतून मूर्ती दिसत होती. तिच्या गळ्यात शंकरदांचा तपकिरी मफलर... कधी घातला होता कोण जाणे.

"आमच्यात माणूस गेलं की वर्षभर सणवार नसतात," मी म्हणालो. "विसर्जनही नाही."

"पण तुम्ही त्यांचे कोण?"

"घरचाच."

त्याने माणसांना हात करून कटर परत न्यायला लावले.

"म्हणजे ही निघेपर्यंत पुढची पूजा येणार, दुसरी मूर्ती लागणार," तो म्हणाला.

"तीही त्याच खुर्चीवर बसवू."