सायकलच्या बॅगेची चीर

माझा संशयी स्वभाव शिवणकामातून आलाय. बाई म्हणते, "मागच्यासारखंच शिवा, माप तेच आहे," आणि टेप लावला की चांगलं दोन बोटं जास्त निघतं. इतकी वर्षं हेच बघत आल्यामुळे माणसाच्या बोलण्यापेक्षा कापडावर माझा भरवसा जास्त. त्यामुळे बॅगेला पडलेली चीर पाहिली तेव्हा कोणालाही न विचारता मी निकाल देऊन टाकला. ही फाटलेली नाही, कापलेली आहे.

बॅग म्हणजे सायकलच्या कॅरियरला दोन्ही अंगांनी लटकवायची वॉटरप्रूफ जोडी. भाच्यानं दिलेली. तो पुण्याहून सायकलवर कुठं कुठं हिंडत असतो. मी साखरखेर्ड्यात ब्लाउज शिवते आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर सायकलनं पोचवते. आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत न्यायचे, तर एकदा पावसात लाल अस्तराचा रंग पिवळ्या ब्लाउजला लागला आणि ती बाई अजून माझ्याशी धड बोलत नाही. या बॅगा आल्यापासून भर पावसात माझी फेरी सुरू असायची. आता दिवाळी तोंडावर, सोयाबीन निघायचे दिवस, परतीचा पाऊस कधी गाठेल नेम नाही. बॅग गेली की फेरी बंद. आणि माझ्या वयात सायकल एकदा बंद झाली की पुन्हा कोणी चढू देत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चढू न देणारे आमच्या घरातच होते. आमचे हे बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी माझ्या सायकलचा पिच्छा पुरवलेला. आधी गोडीगुलाबीनं, मग कपाळाला आठ्या घालून. मध्यंतरी हवेचा पंप गायब झाला आणि चार दिवसांनी माळ्यावर गोधड्यांखाली सापडला. पंप काही स्वतःहून झोपायला गेला नव्हता.

आदल्या संध्याकाळी मी मेहकर रोडवरून परत आले, सायकल ओसरीत लावली. सकाळी पाहते तर उजवीकडच्या बॅगेला हातभर चीर. कापड फाटलं की दशा निघतात, कात्रीनं कापलं की कड स्वच्छ राहते. इथं एक दोरा बाहेर नव्हता. चिरेच्या एका टोकाला निळसर डाग होता. पदरानं पुसला, गेला नाही, सोडून दिला.

ह्यांनी चष्मा लावून बॅग बराच वेळ पाहिली. डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "फेकून दे ते."

वाकडे खिळे सरळ करून डब्यात साठवणारा हा माणूस! ह्यांच्या तोंडून 'फेकून दे' मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. माझा संशय तिथंच पक्का झाला.  पण मनात म्हटलं, आधी बॅग नीट करते, मग तुमच्याकडं बघते.

पहिला मूर्खपणा माझाच. हाताला मशीनची सवय, म्हणून ठिगळ लावून दोन टिपा मारल्या. पाणी भरलं तर सुईच्या भोकाभोकातून थेंब यायला लागले. टिपा उसवल्या. मग डोक्यात आलं, ही बॅग प्लॅस्टिकचा लेप दिलेली, तर शेतातले पाइप जोडायचं सोल्युशन चालेल. ते आमच्याकडं असतंच.

"सोल्युशन संपलं," हे म्हणाले.

मी कोनाड्यातला डबा हलवला. "मंग हे काय वाजून राह्यलं?"

"जुनं हाय ते. धरत नाही."

धरतं की नाही ते मी बघणार होते. बॅगेच्या आतल्या खिशाचा तुकडा कापला, कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. दोन्हीकडं पॉलिश पेपर घासला, सोल्युशन लावलं, ठिगळ आतून बसवलं आणि वर कोळशाची जुनी इस्त्री थंडच ठेवून दिली. तेवढं वजन पुरे. रात्रभर तशीच राहू दिली आणि सकाळी उसवलेल्या भोकांवरून सोल्युशनचा पुन्हा एक हात फिरवला.

दुपारी अंगणातल्या दांडीला बॅग टांगली आणि काठोकाठ पाणी भरलं. आमच्याकडं नळाचा भरवसा नाही, त्यामुळे ते पाणी पुन्हा ड्रममध्येच ओतायचं मी ठरवलं होतं. मागच्या गल्लीत एका नवरीचं माप घ्यायचं होतं, ते घेऊन आले. बॅग रिकामी! पार लोळागोळा होऊन लोंबत होती. हे पायरीवर पेपर वाचत बसलेले.

"गळली सारी. म्हटलं होतं ना मी."

मला रडूच आलं असतं. पण खाली नजर गेली. अंगण सकाळी मीच झाडलेलं. बॅगेच्या खाली धुळीत खराट्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. एवढं पाणी गळलं आणि धुळीत एका थेंबाचा ठिपका नाही? मी अंगणभर नजर फिरवली. कोपऱ्यात कढीपत्त्याचं आळं तुडुंब भरलं होतं.

तेव्हा मला सगळं कळलं आणि रागाबरोबर हसूही आलं. आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा त्या झाडाला जातं. बायकोला खोटं सांगणं ह्यांना जमलं, पण भरलेली बॅग नुसत्या मातीत ओतून द्यायला हात धजला नाही.

"कढीपत्त्याले पानी कोनं टाकलं?"

पेपर खाली आला. "म्या."

"अन् बॅगबी तुम्हीच कापली नं?"

ह्यांचा चेहरा असा झाला की मी शब्द परत घ्यावेत असं मला वाटलं. "म्या? म्या काऊन कापीन वं?"

उठले, बॅग दांडीवरून काढली, माझ्यासमोर धरली. "हा निळा रंग पाह्य. ट्रॉलीचा हाय. बाजूच्या पल्ल्याची, फाळक्याची कडी लागली, अन् मांगून पुढं फाटत गेली. रेग्झिनवानी कापड हाय हे, याच्या दशा कुठून निघतीन?" मग सायकलजवळ गेले, बॅग जागेवर लावली, चिरेच्या पुढच्या टोकापासून पॅडलपर्यंत हाताची वीत टाकली. वीत पुरली. "तुहा पाय इथं राह्यते."

मला आठवलं. मेहकर रोडवर मागून ट्रॅक्टर आला होता, सोयाबीननं भरलेली ट्रॉली, कान फाटतील अशी गाणी. सायकलला हिसका बसला तेव्हा मी खड्ड्याला शिवी दिली होती आणि पुढं निघाले होते.  इतकी वर्षं सायकल चालवली, पण आता अंगणात उभ्या उभ्या वाटली एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त तू म्हनली असती, मले भेव दाखवून राह्यले."

म्हटलंच असतं. शंभर टक्के म्हटलं असतं.

हे सीटवर हात ठेवून उभे राहिले. "गाडीवर होतो तवा सायकलवाले मले समोर दिसतच नव्हते वं. पुढं निघून गेल्यावर आरशात दिसत. तो हाय का पडला, हे पाहाले आरशात पाहो मी."  मला ह्यांचा राग राहिला नाही, ह्यांची कणव आली.

बॅग पुन्हा भरली, या वेळी दोघांच्या देखत. ठिगळाखाली ह्यांनी तळहात धरला. बराच वेळ धरला. मला दिवाळीचे ब्लाउज पोचवायचे होते आणि तरी एक थेंब पडावा, असं क्षणभर मलाही वाटून गेलं.

"नाही गळत," हे म्हणाले. कोणाच्या घरचा वाईट निरोप सांगावा तसे.

"उद्या रोडनं नाही, शेतातल्या पांदणीनं जाते," मी म्हटलं.

"लांब पडते. चिखल हाय."

"पडू द्या."

ह्यांनी पाणी ड्रममध्ये ओतलं, पंप आणला आणि दोन्ही चाकांत हवा भरली. पंप या वेळी सहज सापडला. आता मी शेतांमधल्या पांदणीनं जाते, शेवटचा थोडा तुकडा मात्र मोठ्या रस्त्याचा लागतोच, त्याला इलाज नाही. परत येते तेव्हा हे कोपऱ्यावर उभे असतात. माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी उजव्या बॅगेवरून मागून पुढं हात फिरवतात. मीही आता सायकलवरून उतरले की तीच बाजू ह्यांच्याकडं करून उभी राहते.