लेबल बरोबर होतं

रक्ताची बॅग जाऊन वीस मिनिटं झाली होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती चुकीची आहे.

मी नाशिकच्या एका ब्लड बँकेत सीनियर टेक्निशियन आहे. बॅग देण्याआधी आम्ही क्रॉसमॅच करतो. म्हणजे पेशंटचं आणि बॅगेतलं रक्त थोडं एकत्र करून बघायचं. गुठळ्या झाल्या तर ते रक्त त्या पेशंटला चालत नाही. त्या सकाळी एकाच हॉस्पिटलातून दोन सॅम्पल आली होती. सोनाबाई गावित आणि सोनी गावित. दोघी पेठ तालुक्यातल्या, पण एकमेकींच्या कोणी नव्हेत. सोनाबाईंची बॅग मी दिली. मग सोनीचा फॉर्म हातात घेतला, रॅकमध्ये पाहिलं, तर उरलेल्या ट्यूबवर सोनाबाईंचं नाव. म्हणजे सोनीच्या रक्तावर तपासून मी सोनाबाईंना बॅग दिली होती.

वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, सोनाबाई गावितांची बॅग लावू नका."

"सेट जोडलाय. लावतेच आहे आता. का?"

"माझी चूक झालीय. ती बॅग परत पाठवा, मी दुसरी देते."

ती म्हणाली, "ठीक आहे, काढून ठेवते."

मग सोनाबाईंची ट्यूब तपासली. ग्रुप ओ निघाला. मी दिलेली बॅग बी ग्रुपची होती. ते रक्त चढलं असतं तर बाईंच्या जिवावर बेतलं असतं.

फोन करताना मी प्रार्थना केली नव्हती. तेवढा वेळच नव्हता. पण 'माझी चूक झालीय' हे तोंडातून सरळ निघालं. सहा वर्षांपूर्वी निघालं नसतं. तेव्हा मी काहीतरी कारण शोधलं असतं.

कोविडच्या ड्युटीत मी पार खचले होते. शरणपूरला आमच्या चर्चमध्ये रूथमावशी आहेत. त्यांच्याजवळ रडले. त्या म्हणाल्या, "शालिनी, संकटात तू प्रभूला हाक मारतेस, ते ठीक आहे. पण रोज बोलतेस का त्याच्याशी?" मी बोलत नव्हते. तेव्हापासून पहाटे नळाला पाणी यायच्या आधी अर्धा तास आणि दुपारी डबा उघडण्याआधी बँकेच्या स्टोअररूममध्ये पाच मिनिटं, हे मी चुकवलेलं नाही. पुष्कळदा मन लागत नाही. भाजी काय करायची हेच डोक्यात येतं. तरी बसते.

दुसरी बॅग क्रॉसमॅचला लावली तोवर आमचे डॉक्टर आले. बँकेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. त्यांना सगळं सांगितलं.

"पेशंटला काही झालं नाही ना?"

"नाही सर. पण रिपोर्ट लिहावा लागेल."

"पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. इन-चार्जसाठी मी तुमचं नाव पाठवलंय. विसरलात?"

"नाही सर."

"मग असं लिहा, वॉर्डातूनच लेबल चुकीचं आलं. दोन्ही नावं सारखीच आहेत, कोणीही मानेल."

"लेबल बरोबर होतं, सर."

"जेवून घ्या. मग बोलू," ते म्हणाले.

मी स्टोअरमध्ये गेले. खरं सांगायचं तर पहिली मागणी हीच केली की प्रभू, यातून मला सोडव. इन-चार्जची जागा मला हवी होती. त्या जागेसाठी अकरा वर्षं थांबले होते. मग ती सिस्टर डोळ्यासमोर आली. मी सांगताक्षणी तिने हात थांबवला होता, आणि मी तिच्याच माथी चूक मारणार होते. मला कसला आवाज ऐकू आला नाही. मन हलकंही झालं नाही. एवढंच म्हणाले, लिहायचं बळ दे. पाच मिनिटांनी उठले आणि रिपोर्टचं रजिस्टर काढलं. 'ट्यूबवरचं नाव न वाचता सॅम्पल घेतलं. चूक माझी.' खाली सही केली.

सोनाबाईंची सून पहिली बॅग घेऊन परत आली होती.

"ताई, रक्त का थांबवलं? खराब हाय का?"

"रक्त चांगलं आहे. पण ते तुमच्या सासूबाईंसाठी नव्हतं. माझ्याकडून चूक झाली. ही बॅग मी आणि दुसऱ्या टेक्निशियनने, दोघींनी तपासलीय. हे बघा, नाव तुम्हीच वाचा."

तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग मान वर केली.

"चढलं असतं तर?"

"तर त्यांच्या जिवाला धोका होता."

तिने बॅग पदराखाली छातीशी धरली आणि ती रिक्षाकडे गेली. संध्याकाळी वॉर्डातून कळलं, रक्त नीट चढलं.

इन-चार्जची जागा मला मिळाली नाही. डॉक्टर महिनाभर कामापुरतंच बोलत होते. माझा रिपोर्ट त्यांनी फाडला मात्र नाही. उलट नियम काढला: क्रॉसमॅचआधी ट्यूबवरचं नाव दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि सही करायची. कामाला थोडा उशीर होतो, त्यावर सगळे कुरकुरतात. मीही.

प्रार्थना करणाऱ्याच्या हातून चूक होत नाही, असं नाही. माझ्या हातून झाली. ती कबूल करायला लागणारं बळ मात्र ऐन वेळी गोळा करता येत नाही, ते आधीपासून असावं लागतं. म्हणून पहाटे बसायचं, मन लागो न लागो.