बनाबाई आणि शनिवारची डोकी

बनाबाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसे. समोर कुणी आलं की तिची नजर थेट भांगात जायची, तिथून कानामागे, आणि मग जमलंच तर डोळ्यांत. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या टोपीकडे ती एकदा इतका वेळ टक लावून बघत राहिली, की बिचाऱ्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. बनाबाईनं ती फडक्यात धरून उचलली आणि खिडकीतल्या उन्हात नेऊन ठेवली.

मी उवांवर लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या सूनबाईंनी नाक मुरडलं. दुसरा विषय नाही का मिळाला, म्हणे. नाही मिळाला. आमच्या घरात उवा कधी झाल्याच नाहीत असं जे सांगतात त्यांनी हे वाचू नये, आणि ते थापा मारतात हेही मला ठाऊक आहे. बनाबाईच्या हाताखालून गेलेल्या पोरी आम्ही, एवढं तर कळणारच.

तेव्हा नागपूर अजून मध्यप्रांताची राजधानी होतं. माझे वडील सचिवालयात कारकून होते आणि आम्ही तिथल्या महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. जवळच चौथीपर्यंतची मुलींची शाळा होती आणि बनाबाई तिथली चपराशीण. ती उमरेडच्या कोष्ट्याची लेक. नवरा गेला, माग विकला गेला, तेव्हा ती घंटा वाजवायला आणि पाणी भरायला शाळेत लागली. डोकी तपासायचं काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, ते तिनं आपणहून ओढून घेतलं होतं. दर शनिवारी सकाळी, ओसरीवर ऊन आलं की ती पायरीवर बसायची, पुढ्यात एकेका मुलीला घ्यायची आणि तिच्या खांद्यांवर पांढरा पंचा पसरायची. काळं काही पडलं तर पंच्यावर दिसलं पाहिजे.

तिची बघण्याची तऱ्हा निराळी होती. मागावर ताण्याचा धागा तुटला तर कोष्टी तो हजार धाग्यांतून बोटानं हुडकतो. बनाबाई केस तसे बघायची. चार केस डाव्या तर्जनीवर घ्यायचे, उन्हाकडे तिरपे धरायचे आणि मुळापासून टोकापर्यंत नख फिरवायचं. कोंडा असेल तर झडून जातो. लीख असेल तर ती केसाला चिकटून बसते, हलत नाही. मग ती दोन नखांत चिरडायची. टच्च आवाज आला तर जिवंत, नाही आला तर नुसतं टरफल. आवाज आला की बनाबाईचा चेहरा उजळायचा, हे मात्र आम्हाला मुळीच आवडायचं नाही.

विश्वास तिचा कशावरच नव्हता. चापूनचोपून तेल लावून आलेल्या डोक्यावर तर मुळीच नाही. "एवढं तेल काहून थापलं वं?" असं म्हणून ती वेणी सोडायलाच लावायची. मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, चोळून आलेल्या एका मुलीच्या टाळूवर फोड आलेले बघून तिनं त्या मुलीच्या आईला शाळेच्या फाटकातच गाठलं होतं, आणि सीताफळाच्या बिया वाटून लावणाऱ्यांना तर ती पोरीचे डोळे घालवायला निघालेली माणसं म्हणायची. तिचं म्हणणं एकच, औषधानं ऊ मरते, लीख मरत नाही, आणि लीख आठ दिवसांत फुटते. म्हणून खोबरेल लावून, केस ओले असताना, बारीक फणी मुळापासून फिरवायची, आज फिरवली तरी चार दिवसांनी परत, आणि काही सापडेनासं झालं तरी पुढे पंधरा दिवस. "पोरगी खोटं बोलते, तिची माय त्याहून खोटं बोलते, पण लीख खोटं बोलत नाही," असं ती फणी उकळत्या पाण्यात टाकता टाकता म्हणायची.

माझ्या शेजारी कमल बसायची. तिचे वडील कोष्टी, आमच्या गल्लीच्या मागेच त्यांचा माग होता. वाचनाचं पुस्तक दोघींत एक, त्यामुळे आमची डोकी दिवसभर एकमेकींना लागलेली असायची. कमल माझ्यापेक्षा हुशार होती. पाढे ती म्हणायची आणि मी नुसते ओठ हलवायची. गुरुजींना ते कधी कळलं नाही, बनाबाईला कळलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोनेक महिने बनाबाई तापानं अंथरुणावर होती, शनिवारची डोकी बंद होती, आणि त्याच हिवाळ्यात माझं डोकं खाजायला लागलं. आईनं एका संध्याकाळी दिव्याखाली भांग पाडून बघितला आणि कपाळावर हात मारला. ताईला बघायला माणसं येणार होती. धाकटीच्या डोक्यात उवा आहेत हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर काय झालं असतं, या धास्तीनं आई दार लावून रोज मागच्या खोलीत माझं डोकं विंचरू लागली. कुणाजवळ एक अक्षर काढायचं नाही, अशी मला ताकीद होती. वर तिनं स्वतःशी ठरवूनही टाकलं, की हे त्या कोष्ट्याच्या पोरीकडून आलं. एका सकाळी ती बडीबाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, भेटून आली. माझ्याबद्दल काही बोलली नाही. कमलच्या डोक्यात उवा आहेत एवढंच सांगितलं.

बडीबाईंनी नुकत्याच कामावर परतलेल्या बनाबाईला बोलावून सगळ्यांसमोर कमलचं डोकं बघायला सांगितलं. उवा निघाल्या. बनाबाई म्हणाली, "आहेत. पण लिखा साऱ्या मुळाशी आहेत, नव्या आहेत. हिले कोणापासून आल्या ते पाहा लागन." तेवढं ऐकून घ्यायला बडीबाईंना सवड नव्हती. त्यांनी कमलच्या वडिलांना निरोप धाडला: पोरीचे केस काढून पाठवा, नाहीतर पाठवू नका. मुलीचं मुंडण! वडिलांनी केसही काढले नाहीत आणि पोरगीही पाठवली नाही. कमल घरी कांड्या भरायला बसली, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला.

त्यानंतरच्या शनिवारी माझी पाळी आली आणि मी पायरीवर बसले. आईनं आदल्या रात्री तासभर फणी फिरवली होती. बनाबाईनं वेणी सोडली, कानामागचे केस बोटावर घेतले, आणि तिचं नख एका जागी थांबलं. फार वेळ थांबलं.

"काही सांगायचं आहे का वं?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं. तिनं वेणी परत घातली, घट्ट, आणि दुसरी मुलगी बोलावली. सुटले बाई एकदाची! घरी जाऊन मी आईला सांगितलं, की बनाबाईला काही सापडलं नाही. आईनं देवापुढे साखर ठेवली. पुढच्या शनिवारी तसंच झालं, तोच प्रश्न आणि तेच माझं नाही. तिसऱ्या शनिवारी तर मला वाटलं, बनाबाईची नजर आता गेली, म्हातारी झाली ही. खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला.

पण शेजारची जागा रिकामी होती. गुरुजी पाढे म्हणायला लावायचे तेव्हा मला एकटीलाच म्हणावे लागायचे आणि ते येत नव्हते. एकदा गल्लीत कमल दिसली. कडेवर सुताची टोपली होती. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडे बघितलं, पण थांबली नाही. तिला ठाऊक होतं. मी डोकं खाजवताना शेजारी तीच तर बसलेली असायची, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी बनाबाईनं विचारायच्या आधीच मी रडत सुटले. सगळं सांगितलं, आईचं, दिव्याचं, मागच्या खोलीचं. बनाबाई रागावली नाही. तिनं मला बडीबाईंपुढे उभं केलं आणि माझे चार केस त्यांच्या हातावर ठेवले. केसांवर रिकामी टरफलं होती, मुळापासून दोन बोटं दूर. लीख घातली जाते मुळाशी. केस वाढतो तशी ती त्याच्याबरोबर वर जाते. दोन बोटं म्हणजे तीन महिने, म्हणजे दिवाळी. दिवाळीत आम्ही वर्ध्याला मामाकडे, आईच्या माहेरी होतो, सहा मामेबहिणींच्या ओळीत एका सतरंजीवर झोपत होतो. कमलच्या लिखा तिचं डोकं बघितलं तेव्हा पंधरा-वीस दिवसांच्यावर नव्हत्या. बडीबाईंनी केस खिडकीजवळ नेऊन बघितले, आणि मग खाली मान घालून म्हणाल्या, की कमलला सोमवारपासून पाठवायला सांगा.

शाळा सुटल्यावर बनाबाई मला घेऊनच आमच्या गल्लीमागच्या कोष्टीपुऱ्यात गेली. कमलचे वडील मागाच्या खड्ड्यात बसलेले होते. त्यांनी हात थांबवला आणि बनाबाईचं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदा बघितलं. आत कमल चरख्यापाशी बसलेली दिसत होती, ती उठली नाही.

"बाई, शाळेनं पोरीचं डोकं पाह्यलं नाही, आमचं घर पाह्यलं," ते म्हणाले. "आता तिचा हात बसला. राहू द्या." आणि धोटा ताण्यातून पलीकडे फेकून ते परत विणू लागले. बनाबाईनं आणखी दोनदा सांगून बघितलं, पण मागाच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येईना.

कमल शाळेत परत आली नाही. चौथीत पहिली आली असती ती मुलगी.

परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी बनाबाईनं मला थांबवलं. मला वाटलं, आता हिच्या हातचा मार खावा लागणार, आणि मार मिळाला तर बरंच होईल असंही वाटलं. पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, भांगाकडे नाही.

"मले पहिल्याच शनिवारी सापडल्या होत्या," ती म्हणाली.

मग का नाही बोललीस, असं मी विचारलं असावं.

"मी पकडलं असतं तर तुह्यावर ठपका आला असता. तू आपल्या तोंडानं सांगितलं तर दोघीही सुटता, असं वाटलं मले. म्हणून थांबली होती. सांगशील म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी कोणावर भरोसा नाही ठेवत. तुह्यावर ठेवला, आन् त्या लेकराची शाळा गेली."

ती शाळेकडे वळली आणि मी घरी गेले. आईनं विचारलं उशीर का झाला, तर मी सांगितलं नाही.