दोन इंजिनं आणि खारबावच्या बायका

आमच्या वसई-दिवा मार्गावर विजेच्या तारा येण्याआधीची गोष्ट. मी तेव्हा डिझेल गाडीचा ड्रायव्हर होतो. पॅसेंजर गाड्या जलद करायच्या म्हणून दोन नवी इंजिनं निवडीला आली होती. एक धिप्पाड, एक बुटकं. धिप्पाड एकदा पळायला लागलं की कुणाच्या बापाला ऐकत नसे, पण सुटताना बसलेल्या म्हशीसारखं सावकाश उठायचं. बुटक्याचा वेग कमी, पण जागेवरून निघायचं झटक्यात.

निवड करायला आलेल्या साहेबांचा जीव धिप्पाडावर. "मधले थांबे उडवू, मग बघा गाडी कशी पळते!" चहा पिता पिता ते सहज बोलून गेले. त्या मधल्या थांब्यांतच खारबाव. माझं गाव! माझी बायको रोज याच गाडीनं भाजीची पाटी घेऊन भिवंडीच्या बाजारात जायची. थांबा गेला तर तिचा बाजारच बुडाला. पण ड्रायव्हरला विचारतो कोण?

माझी एक खोड होती. खारबाव जवळ आलं की मी दोन आखूड आणि एक लांब भोंगा द्यायचो. तो ऐकला की बायको पाटी उचलायची आणि तिच्यामागे गल्लीतल्या बाकीच्या बायका स्टेशनाकडे धावायच्या. चाचणीच्या पहिल्या दिवशी धिप्पाड इंजिनाला मोकळे डबे जोडले होते आणि मध्ये कुठंच थांबायचं नव्हतं. साहेब घड्याळ घेऊन माझ्या शेजारी उभे. सवयीनं माझा हात गेला आणि भोंगा वाजला. पुढं मालगाडी होती म्हणून सिग्नल लाल. गाडी नेमकी खारबावला थांबली आणि बायका पाट्यांसकट चढल्या की आत! आता बोंबला.

सिग्नल मिळाला, पण धिप्पाड कण्हत कण्हत निघालं आणि पुढच्या भिवंडी रोड स्टेशनाला चांगलंच उशिरा पोचलं. साहेब बायकांवर कडाडले, "ही चाचणीची गाडी आहे!"

"अवो सायेब, भोंगा तर आमचाच व्हता," माझी बायको म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातात एक काकडी ठेवली.

साहेब रागीट, पण न्यायाला पक्के. धिप्पाडाला थांबावं लागलं, मग बुटक्याला का सूट? "उद्याही इथंच थांबायचं. हाच भोंगा, ह्याच बायका, ह्याच पाट्या!" त्यांना वाटलं, बुटकंही असंच रखडेल. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो. घरी बायकोला बजावलं, "उद्या पटापट चढा. आपला थांबा त्यावर हाय."

दुसऱ्या दिवशी भोंगा दिला, खारबाव आलं आणि माझे डोळे पांढरे झाले. अर्धं गाव फलाटावर! मासळीच्या टोपल्या, दुधाच्या किटल्या, वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघालेलं एक आख्खं कुटुंब, वर दोन कोंबड्या. थांबा कितीजणांना लागतो ते साहेबांना दिसावं, म्हणून आमच्या बाईसाहेबांनी घरोघर आवतण दिलं होतं. घात केला की हिनं! चढता चढता तीन मिनिटं गेली.

साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं. "ही कालचीच माणसं का?"

"कालचीच हायेत, सायेब. काल घरी ऱ्हायली व्हती," माझी बायको फलाटावरून म्हणाली.

मग मात्र मी देवाचं नाव घेतलं आणि गाडी सोडली. बुटकं असं उसळलं की साहेबांचा चहा त्यांच्याच शर्टावर! झटक्यात वेग घेऊन गेलेली तिन्ही मिनिटं त्यानं वाटेत भरून काढली. भिवंडी रोडला साहेबांनी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं. शर्ट पुसत मला विचारलं, "तुमचं गाव कोणतं हो?"

"खारबाव," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. निवड बुटक्याची झाली. नवं वेळापत्रक निघालं तेव्हा मी ते ड्युटीवरून धावत घरी नेलं. खारबाव, थांबा एक मिनिट. वाचताना मला रडूच आलं, लपवत नाही.

बायकोनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "एकच मिनिट?" ती म्हणाली. "मंग उद्यापासून भोंगा जरा लवकर द्या."